तळ्याकाठचा निवांत दिवस : लेक लुईसविषयी वाचकांचे प्रश्न

कॅनडात मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या वाचकांचे या वेळचे प्रश्न एकाच जागेभोवती आहेत. ती जागा म्हणजे आल्बर्टा प्रांतातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातले लेक लुईस. हिमनदीच्या पाण्याचे हे तळे फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असते. तिथे अख्खा दिवस आरामात घालवायचा तर थोडी आखणी लागते, म्हणून उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : नातवाच्या शाळेला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी आहे. मे महिन्याच्या मध्यावर लेक लुईसला जावे असा बेत आहे. तेव्हा हवा बरी असते का? (पुणे)

हवा बरी असेल, पण तळे गोठलेले असेल. लेक लुईस साधारण नोव्हेंबरात गोठते आणि वरचा बर्फ बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास जातो. थंडी लांबली तर आणखी उशीर होतो. मेच्या मध्यावर तुम्हाला कडेकडेने चिरा गेलेले करड्या-पांढऱ्या बर्फाचे पटांगण दिसेल. नातवाला त्यावर पाय ठेवू देऊ नका. वसंतातला बर्फ वरून घट्ट दिसला तरी आतून पोखरलेला असतो, आणि ओढे जिथे तळ्यात उतरतात तिथे तर त्याचा नुसता पापुद्रा उरतो. शेजारच्या मोरेन लेकचा रस्ताही साधारण १ जूनलाच उघडतो.

महाराष्ट्रातली शाळेची सुट्टी आणि या तळ्याचा मोसम जुळत नाहीत, हे तिकिटे काढण्याआधी लक्षात घ्यायला हवे. जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा खरा काळ, आणि रंग सर्वांत गडद जुलै-ऑगस्टात. तिकिटे आधीच निघाली असतील तर बान्फ गावाजवळची, कमी उंचीवरची तळी पाहा. लेक मिनेवांका आणि टू जॅक लेकचे पाणी मेच्या मध्याला बहुधा मोकळे झालेले असते. दोन्हीकडे सहलीची टेबले आहेत. व्हर्मिलियन तळी त्याहून लवकर वितळतात.

प्रश्न : फोटोतला तो निळा-हिरवा रंग खरा असतो, की संगणकावर चढवलेला? (सांगली)

खरा असतो. तळ्याच्या टोकाशी माउंट व्हिक्टोरिया हा ३४६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या अंगावरची हिमनदी सरकताना खालचा दगड दळते. जात्यातून पीठ पडावे तसा हा दगडाचा भुगा वितळलेल्या पाण्याबरोबर खाली येतो. कण इतके बारीक असतात की ते लवकर तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. पाणी उजेडातला तांबडा भाग शोषून घेते आणि हे कण निळा-हिरवा भाग चहूकडे उधळतात. जून सुरू होताना वितळण वाढलेली नसते, त्यामुळे पीठ कमी आणि तळे काळपट निळे असते. जुलैत पीठ भरपूर येते आणि रंग चढतो.

एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. तळ्याच्या पार टोकाला ओढा आत येतो तिथले पाणी पातळ ताकासारखे दिसते. तेच पाणी पारदर्शक पेल्यात घेतले तर निळे दिसत नाही, जरासे गढूळ दिसते. निळाई खोलीची आणि उजेडाची असते. म्हणून सकाळी ऊन पाण्यावर येण्याआधी आणि दाट ढगात तळे फिके वाटते, तर दहा ते दोनच्या उन्हात सर्वांत गडद. वरून पाहिले की रंग आणखी उठतो. फेअरव्ह्यू लुकआउटची वाट एका बाजूने १ किलोमीटर आणि सुमारे १०० मीटर चढाची आहे, तेवढ्यासाठी चढण्यासारखी.

नावाविषयीही विचारले आहे. स्टोनी नाकोडा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले जुने नाव ‘छोट्या माशांचे तळे’ अशा अर्थाचे आहे. १८८२मध्ये त्यांच्यातल्याच एका वाटाड्याने रेल्वेच्या कामावर आलेल्या टॉम विल्सनला हे तळे दाखवले. पुढे त्याला व्हिक्टोरिया राणीची मुलगी लुईस कॅरोलाइन आल्बर्टा हिचे नाव मिळाले. प्रांताचे नावही तिचेच.

प्रश्न : उद्यानाचा पास काढला आहे. मग शटलचे वेगळे आरक्षण कशाला? आपली गाडी नेली तर? (ठाणे)

पास हा उद्यानात शिरण्याचा, शटलचे (म्हणजे ने-आण करणाऱ्या बसचे) आरक्षण हे तळ्यापर्यंत पोहोचण्याचे. हा घोळ फार जणांचा होतो आणि मग सकाळी वाहनतळावरून परत फिरावे लागते. कुटुंबाचा पास एका गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो.

लेक लुईसच्या काठाशी सशुल्क वाहनतळ आहे, पण उन्हाळ्यात तो पहाटेच भरतो. मोरेन लेकला तर २०२३पासून खासगी गाड्यांना मनाई आहे. अपंगत्वाचे अधिकृत कार्ड लावलेल्या गाडीला मात्र मुभा असते. आजोबांकडे किंवा आजींकडे ते कार्ड असेल तर घरी विसरू नका.

शटल लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते. काही जागा वसंतात एकदम खुल्या होतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी तिथल्या सकाळी ८ वाजता. त्या वेळी भारतात संध्याकाळचे ७.३० वाजलेले असतात, तेव्हा पुण्यातला भाचाही घरबसल्या जागा मिळवून देऊ शकतो. आठाच्या आधीच खात्यात शिरून, माणसांची संख्या भरून तयार राहायचे. आरक्षण जाण्याच्या तासाभराच्या वेळेचे असते. परतीला वेळ ठरलेली नसते, रांगेत उभे राहायचे. याच तिकिटावर लेक लुईस ते मोरेन अशी जोडबसही मिळते. नियम आणि दर मोसमागणिक बदलतात, ते निघण्याच्या आठवड्यात पार्क्स कॅनडा या उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीतले, गुडघे कुरकुरतात. जावई म्हणतात, एका दिवसात लेक लुईस, मोरेन, एमराल्ड आणि पेटो अशी चारही तळी होतील. झेपेल का? (कोल्हापूर)

चारही होतील, पण गाडीच्या काचेतून. एमराल्ड लेक पलीकडच्या योहो उद्यानात, पेटो उत्तरेला आइसफिल्ड्स पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायला जागा शोधा, उतरा, फोटो काढा, चढा. कॅलगरीहून लेक लुईसच मुळात सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे जायला दोन तास. आमचे स्पष्ट मत असे, की एक तळे धरा आणि तिथे बसा. जावईबापूंना पटवणे तुमच्याकडे!

शक्य असेल तर आदल्या रात्री बान्फ, कॅनमोर किंवा लेक लुईस गावात मुक्काम करा. सकाळी सातच्या सुमारास काठावर असाल तर वारा पडलेला असतो आणि व्हिक्टोरियाचे प्रतिबिंब अखंड दिसते. काठावरच्या मोठ्या हॉटेलसमोरच्या पहिल्या दोनशे मीटरांत जत्रा असते. तिथे रेंगाळू नका. वाहनतळाजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन घ्या आणि उजव्या काठाची वाट धरा. ही वाट दोन किलोमीटरांहून थोडी अधिक, जवळजवळ सपाट. सुरुवातीला रुंद आणि टणक, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी नेण्याजोगी. पुढे अरुंद होते, मधेमधे मुळे येतात. रमतगमत, बाकांवर टेकत पाऊण-एक तास लागेल. पहिला किलोमीटर सरला की गर्दी विरळ होते. दिवस काढायची जागा तिथून पुढे शोधा.

टोकाला क्वार्टझाइट या कठीण दगडाचे उभे कडे आहेत. त्यांवर दोर लावून चढणारी मंडळी तासन्‌तास पाहत बसावीत अशी. त्यांच्या अगदी पायथ्याशी मात्र बसू नका, वरून दगड सुटू शकतो. ओढ्याच्या मुखाशी गाळाची सपाट जमीन दिसते. ती कोरडी वाटली तरी पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बूट तिथेच राहतो. दुपारी ऊन तापले की व्हिक्टोरियाच्या अंगावरून बर्फाचा कडा सुटतो. आधी पांढरी धूळ उठलेली दिसते आणि गडगडाट मागून, बऱ्याच सेकंदांनी येतो. यासाठी दुर्बीण न्या.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. तिथले दगड उन्हातही गार असतात, आणि तासभर बसले की गारठा सांध्यांत उतरतो. बोटभर जाडीची फोमची घडीची चटई किंवा हलके घडीचे स्टूल न्याच. दुसरे, अर्ध्या-पाऊण तासाने उठून शंभर पावले चाला.

उंची किती, असेही तुम्ही विचारले आहे. तळे सुमारे १७३० मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, त्याहूनही हे पाणी उंच! विरळ हवेचा खरा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी चढावर दम लवकर लागेल, इतकेच. ऊन मात्र गारव्यामुळे जाणवत नाही आणि चेहरा भाजतो. काठाची टोपी आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी. जुलैत दुपारी २० अंशांच्या आसपास, पहाटे पाच अंशांच्या खालीही. एका जाड स्वेटरपेक्षा आत सुती नसलेला बनियन, वर पातळ लोकरी आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असे तीन पदर बरे. सुती कपडा घामाने ओला झाला की वाऱ्यात हुडहुडी भरवतो.

तरुण मंडळींना पाय मोकळे करायचे असतील तर लेक अ‍ॅग्नेसच्या चहाघरापर्यंत जाऊ द्या. एका बाजूने सुमारे ३.५ किलोमीटर, ४०० मीटर चढ, वर जायला दीड तास. चहाघराची पहिली इमारत रेल्वे कंपनीने १९०१मध्ये बांधली. तिथे वीज नाही, रोख डॉलर जवळ असू द्यावेत. उतरताना गुडघ्यांवर खरा भार येतो, म्हणून तुम्ही दोघे काठावरच थांबा.

प्रश्न : डबा काय न्यावा? मागच्या वेळी एका थंड ठिकाणी पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या आणि शिरा दगड. (नागपूर)

दोष तुपाचा आहे. गारव्यात तूप गोठते, त्याबरोबर शिराही घट्ट होतो. पुऱ्या शिळ्या होऊन चिवटतात ते वेगळे. थंड ठिकाणी गार खाण्याचे पदार्थ तेलातले असावेत आणि गरम खाण्याचे थर्मासात. दशम्या उत्तम. कणीक पाण्याऐवजी पूर्ण दुधात भिजवा, दोन वाट्या पिठाला दोन चमचे तेलाचे मोहन घाला, भाजून लगेच कापडात गुंडाळा. धपाटेही चालतात, मात्र वरून तूप न लावता. बरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी.

गरम जेवणासाठी रुंद तोंडाचा पाऊण लिटरचा स्टीलचा थर्मास घ्या. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि चार वाट्या पाणी घालून आसट खिचडी करा. वाटी दीडशे मिलीलिटरची धरली आहे. नेहमीसारखी मोकळी खिचडी भरली तर तांदूळ आत फुगत राहतो आणि दुपारी चमच्याने कापावी लागते. भरण्याआधी थर्मासात उकळते पाणी ओतून झाकण लावून दहा मिनिटे ठेवा, ओता, आणि वाफाळती खिचडी लगेच भरा. थर्मास अर्धाच भरला तर जेवण लवकर निवते, म्हणून झाकणाखाली दोन बोटे जागा सोडून भरा. चार-पाच तासांत संपवा.

चहा दूध घालून नेऊ नका. तासन्‌तास गरम राहिलेल्या दुधाची चव उतरते आणि आले असेल तर तो नासू शकतो. कोरा चहा थर्मासात, दूध वेगळ्या बाटलीत. काठावर स्टोव्ह पेटवायचा नाही.

पोहे, चिवडा, भेळ हे काठावर टाळलेलेच बरे, कारण सांडते. तिथल्या खारी आणि राखाडी नटक्रॅकर पक्षी हातातला घास पळवतात. मुलांना गंमत वाटते, पण माणसाच्या खाण्याला चटावलेला प्राणी पुढे चावतो, आणि अस्वल चटावले तर त्याला शेवटी मारावे लागते. उद्यानात वन्यप्राण्याला खायला घालणे गुन्हा आहे, दंड २५,००० डॉलरपर्यंत. डबे घट्ट झाकणाचे हवेत, पिशव्या नकोत. फोटोसाठीसुद्धा डबा उघडा टाकून उठू नका. खरकटे आणि फळांच्या साली हुकाच्या झाकणाच्या अस्वलरोधक कचराकुंडीतच टाका.

भारतातून घरचे खाद्यपदार्थ नेणार असाल तर विमानतळावर ते सगळे लिहून जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपवला तर दंड.

प्रश्न : तिथे कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी नाव) भाड्याने मिळते. आम्हांला वल्हवण्याची सवय नाही. दोन मुलांना घेऊन जावे का? मोठा मुलगा चांगला पोहतो. (डोंबिवली)

सकाळी लवकर, काठाच्या जवळून, जरूर जावे. भाडे चढे असते, पण ते नावेमागे असते, माणशी नाही. किती माणसे आणि किती लहान मुले चालतील हे नावघरात विचारा आणि त्यात घासाघीस करू नका.

बसताना एकेकाने, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, पाऊल नावेच्या मधल्या रेषेवर टाकायचे. वजनदार माणूस मागे, मुले मध्ये तळाशी. पुढच्याने एका बाजूला, मागच्याने दुसऱ्या बाजूला वल्हवायचे. ताल पुढचा देतो, दिशा मागचा. नवख्यांची नाव हटकून एका अंगाला वळते, कारण मागच्या वल्ह्याचा जोर वळवण्यात जास्त जातो. त्यावर उपाय असा : मागच्याने फटकारा संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून वल्ह्याचे पाते सुकाणूसारखे क्षणभर बाहेर दाबायचे. पाच-दहा मिनिटांत जमते. दुपारी हिमनदीकडून वारा सुटतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना त्याची मदत घ्या. उलटे केले तर दमलेल्या हातांनी वाऱ्याशी झगडावे लागते.

नाव उलटते ती बहुतेक वेळा फोटोसाठी कोणी उभे राहिल्याने, जागा बदलल्याने किंवा पडलेला मोबाइल पकडायला वाकल्याने. जीवरक्षक जाकीट सगळ्यांच्या अंगात, पट्टे आवळलेले. ओढणी आणि शाल काठावर.

मुलगा चांगला पोहतो, हे इथे फारसे कामाचे नाही. पाणी भर उन्हाळ्यातही हात धरवत नाही इतके गार असते. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीझब्रेख्त यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ हे सूत्र मांडले आहे. पहिला १ मिनिट धाप लागते, त्यात फक्त श्वास ताब्यात आणायचा आणि तोंड पाण्याबाहेर ठेवायचे. पुढची १० मिनिटे हातपाय कह्यात असतात, तेवढ्यात नावेवर चढायचे किंवा तिला धरून राहायचे. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे पट्टीचा पोहणाराही पहिल्याच मिनिटात, नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो. काठावरच्यांनी त्याच्यामागे पाण्यात उडी मारायची नाही. वल्हे, दोर, ओढणी, काहीही पुढे करायचे. बाहेर आलेल्याचे ओले कपडे काढा, कोरडे आणि टोपी घाला, वारा अडवा. हातपाय चोळू नका. शुद्धीवर असेल तर गरम, गोड प्यायला द्या, दारू नाही.

फुगवायची खेळण्यातली नाव किंवा टायर घेऊन पाण्यात जाऊ नका. वारा ती मध्यावर नेतो.

प्रश्न : सासूबाईंची इच्छा आहे की अशा निर्मळ पाण्यात फुले आणि दिवा सोडावा. थोडे तीर्थ आणि एक-दोन गोटे घरी आणावेत. चालेल का? (बेळगाव)

त्यांची भावना समजते, पण यातले काहीच करू नये. हे पाणी इतके गार आणि पोषणद्रव्यांत इतके गरीब आहे, की फुले-पाने कुजायला फार वेळ लागतो. तेच हार आठवडेच्या आठवडे काठाशी लोंबत राहतील. नाणीही टाकू नयेत. उघडा दिवा लावायला परवानगी नाही, आणि उद्यानातला दगड, फूल, काटकीसुद्धा उचलणे कायद्याने मना आहे. पाणी तसेच पिऊही नये, त्यात पोट बिघडवणारे जिआर्डिया असू शकते. प्यायचेच तर १ मिनिट खळखळून उकळून.

सासूबाईंना सकाळी लवकर काठावर न्या. पाणी स्थिर असताना हात जोडून त्यांचे स्तोत्र म्हणू द्या. दिवा घरी परतल्यावर तुळशीपाशी लावता येईल.

प्रश्न : अस्वलासाठीचा स्प्रे भारतातून ऑनलाइन मागवून न्यावा का? (नाशिक)

नाही. तो विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना सामानात. तिथे विकत किंवा भाड्याने मिळतो. डब्यावरची मुदत पाहा, कमरेच्या पट्ट्याला लावा. पिशवीच्या तळाशी ठेवलेला स्प्रे वेळेवर हाती येत नाही. तो चालून आलेल्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा आहे, स्वतःच्या अंगावर मारायचा नसतो. डासांच्या औषधासारखा समजून मुलांच्या अंगावर फवारण्याची चूक घडते आणि डोळे-कातडी भाजून निघतात.

काठाच्या गजबजलेल्या वाटेवर त्याची गरज क्वचित पडते, वरच्या वाटांवर मात्र हवाच. चालताना मोठ्याने गप्पा मारा, भजन म्हणा, टाळ्या वाजवा. अस्वलाला तुमची चाहूल आधी लागली तर ते सहसा स्वतःच बाजूला होते. दिसलेच तर पळू नका, मुलांना उचलून घ्या, एकत्र राहा आणि शांत आवाजात बोलत मागे सरका. अस्वलापासून निदान १०० मीटर, एल्क हरणापासून ३० मीटर अंतर ठेवायचे.

प्रश्न : दिवस पावसाळी निघाला तर बेत रद्द करावा का? (मडगाव)

लगेच नको. डोंगरातला पाऊस बऱ्याचदा तासा-दोन तासांत सरतो, आणि ढग फाटताना व्हिक्टोरिया तुकड्या-तुकड्याने उघडतो, ते पाहण्यासारखे असते. गडगडाट ऐकू आला तर मात्र नाव लगेच काठाला घ्या, मोकळ्या काठावरून उठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यावर जाऊ नका. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि सहानंतर गर्दी ओसरते, त्यामुळे दुपार पावसात गेली तरी संध्याकाळ हाती राहते. फक्त शेवटची शटल किती वाजता सुटते ते उतरतानाच चालकाला विचारून ठेवा. परतीच्या रांगेत अर्धा-पाऊण तासही लागू शकतो आणि ऊन डोंगराआड गेले की गारठा एकदम वाढतो. जाकिटे आणि उरलेला कोरा चहा पिशवीत वरच असू द्या.